चौमार्गी झडप (सक्शन वाहन)

चौमार्गी झडप ही मलनिस्सारण वाहिन्या, मॅनहोल आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या ट्रकवरील सक्शन यंत्रणेत हवेचा मार्ग बदलणारी झडप आहे. व्यवहारात तिला 'फोर-वे व्हॉल्व्ह' म्हणतात. पंपाने टाकीतील हवा ओढून बाहेर सोडायची की बाहेरची हवा टाकीत भरायची, हे या झडपेच्या स्थितीवर ठरते. झडप एका स्थितीत अडकली तर वाहनाची शोषणक्षमता घटते किंवा पूर्णपणे नाहीशी होते. प्रसंगी टाकीत अनपेक्षित दाब निर्माण होतो. यंत्र बंद पडल्यावर मॅनहोलमध्ये माणूस उतरवण्याचा मोह होतो आणि अशा प्रसंगी विषारी वायूमुळे मृत्यू होऊ शकतो. म्हणून या झडपेचे दोषनिदान व देखभाल हा यांत्रिक सफाईतील सुरक्षिततेचा महत्त्वाचा भाग ठरतो.

नाव

झडपेला चार तोंडे असल्याने तिला चौमार्गी म्हटले जाते. सफाई खात्यातील चालक आणि फिटर बोलताना 'फोर-वे', 'चेंजओव्हर' किंवा नुसता 'व्हॉल्व्ह' असे शब्द वापरतात. ज्या वाहनावर ती बसवलेली असते त्याला 'सक्शन गाडी' म्हणतात. उच्च दाबाच्या पाण्याने वाहिनी मोकळी करण्याची सोयही त्याच वाहनावर असल्यास ते 'सक्शन-कम-जेटिंग मशीन' या नावाने ओळखले जाते.

पार्श्वभूमी

मुंबईवरील लोकसंख्येचा ताण कमी करण्यासाठी ठाणे खाडीच्या पूर्वेला नवी मुंबई हे नियोजित शहर वसवण्यात आले. त्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको या शासकीय कंपनीची स्थापना झाली. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला. नियोजित क्षेत्रातील खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल हे विभाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत मोडतात.

शहराचा मोठा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून वसला आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी येथे धारण तलाव आणि भरतीचे पाणी आत येऊ न देणारी झडपद्वारे बांधलेली आहेत. सपाट जमिनीत मलनिस्सारण वाहिन्यांना पुरेसा उतार देणे कठीण जाते. उतार कमी असला की प्रवाहाचा वेग घटतो आणि वाळू, गाळ, चरबी व प्लास्टिक तळाशी साचते. दुसरीकडे, उतार राखण्यासाठी वाहिनी जसजशी पुढे जाते तसतशी ती खोल न्यावी लागते आणि मध्ये उदंचन केंद्र बांधून सांडपाणी वर उचलावे लागते. परिणामी अशा शहरांत काही मॅनहोल बरेच खोल असतात. जुन्या गावठाणांतील अरुंद गल्ल्यांमध्ये मोठे वाहन मॅनहोलपर्यंत पोहोचत नाही. तेथे लांब नळी जोडावी लागते किंवा लहान वाहन वापरावे लागते.

केंद्र शासनाच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने १९ नोव्हेंबर २०२० रोजी 'सफाईमित्र सुरक्षा चॅलेंज' ही स्पर्धा जाहीर केली. वाहिन्या व सेप्टिक टाक्यांची धोकादायक मानवी सफाई थांबवून ती यंत्राने करणे हा तिचा उद्देश होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात इंदूर, नवी मुंबई आणि नेल्लोर ही शहरे सर्वोत्तम कामगिरी करणारी ठरली. सफाई यंत्रावर सोपवली की शहराची सुरक्षितता त्या यंत्राच्या दुरुस्तीवर अवलंबून राहते. या दृष्टीने चौमार्गी झडपेसारख्या लहान भागाला महत्त्व प्राप्त होते.

रचना

सक्शन वाहनात चेसिसवर पोलादी टाकी, निर्वात पंप, चौमार्गी झडप, सक्शन नळी आणि संरक्षक उपकरणे असतात. पंपाला गती ट्रकच्या इंजिनापासून पी.टी.ओ. या जोडणीद्वारे किंवा स्वतंत्र इंजिनाद्वारे मिळते. लहान व मध्यम वाहनांवर बहुधा तेलाच्या वंगणावर चालणारा व्हेन पंप असतो. काही वाहनांवर वॉटर-रिंग पंप किंवा ब्लोअर बसवतात.

टाकी आणि पंप यांच्या दरम्यान हवेच्या मार्गावर दोन अडसर असतात. पहिला अडसर म्हणजे टाकीच्या माथ्यावरील तरंगता गोळा. टाकी भरत आली की तो वर उचलला जाऊन हवेचे तोंड बंद करतो व मैला पंपाकडे जाऊ देत नाही. दुसरा अडसर म्हणजे ओलावा व फेस अडवणारी लहान टाकी. तिला 'मॉइश्चर ट्रॅप' म्हणतात. त्यानंतर जाळी किंवा फिल्टर आणि मग चौमार्गी झडप येते.

झडपेचे कवच बहुधा ओतीव लोखंडाचे असते. आत एक फिरता गाभा असतो आणि तो दांडीने बाहेरच्या हँडलला जोडलेला असतो. दांडी व गाभा यांच्यामध्ये चावी किंवा पिन असते. काही वाहनांवर हँडलऐवजी हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर असतो आणि चालक बटण दाबून झडप फिरवतो. झडपेची चार तोंडे पुढीलप्रमाणे जोडलेली असतात:

१. पंपाचे शोषण तोंड
२. पंपाचे उत्सर्जन तोंड
३. टाकी
४. बाहेरची हवा (बहुधा तेल वेगळे करणाऱ्या भांड्यातून आणि सायलेन्सरमधून)

कार्य

पंप नेहमी एकाच दिशेने फिरतो. हवेची दिशा झडप बदलते.

शोषण स्थितीत टाकी पंपाच्या शोषण तोंडाला जोडली जाते आणि पंपाचे उत्सर्जन बाहेरच्या हवेत सोडले जाते. टाकीतील हवा कमी होऊन आंशिक निर्वात तयार होतो आणि बाहेरचा वातावरणीय दाब मैल्याला नळीतून टाकीत ढकलतो.

दाब स्थितीत गाभा ९० अंशांत फिरतो. पंप बाहेरची हवा ओढून टाकीत भरतो आणि त्या दाबाने मैला नळीवाटे बाहेर पडतो. मलप्रक्रिया केंद्रात टाकी रिकामी करताना किंवा नळीत अडकलेला बोळा उलट दिशेने ढकलताना या स्थितीचा उपयोग होतो.

मधल्या स्थितीत, झडपेच्या रचनेनुसार, टाकीचे तोंड बंद राहते आणि पंप बाहेरचीच हवा घेऊन बाहेर सोडतो.

शोषणाची मर्यादा

समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पूर्ण निर्वात केला तरी साधे पाणी याहून अधिक उंच चढत नाही. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड असल्याने गेजवरील वाचनावरून शोषणाची उंची काढता येते. ५०० मिलिमीटर निर्वात असेल तर पाण्याचा सलग स्तंभ ६.८ मीटर चढू शकतो. २५० मिलिमीटर असेल तर फक्त ३.४ मीटर. गाळ पाण्यापेक्षा जड असल्याने आणि नळीत घर्षण होत असल्याने प्रत्यक्षातील उंची याहून कमी भरते. ही उंची मैल्याच्या पातळीपासून टाकीतील नळीच्या तोंडापर्यंत मोजावी लागते. त्यामुळे रस्त्यापासून वाहनाच्या टाकीपर्यंतची उंचीही तीत धरली जाते.

यावरून अर्धवट अडकलेल्या झडपेचा परिणाम स्पष्ट होतो. गाभा पूर्ण फिरला नाही किंवा त्याच्या कडांतून हवा गळू लागली, तर गेज २५० मिलिमीटरवर थांबू शकतो. अशी गाडी उथळ चेंबर व्यवस्थित उपसते, त्यामुळे ती नादुरुस्त असल्याचे लक्षात येत नाही. पाच मीटर खोल मॅनहोलवर मात्र ती तळाचा गाळ उचलू शकत नाही. उरलेला गाळ बादलीने काढण्यासाठी माणूस उतरवण्याचा प्रसंग येथेच उद्भवतो.

अडकण्याची कारणे

तेलाचा काजळीयुक्त थर. व्हेन पंपातील वंगणाचे सूक्ष्म थेंब गरम हवेबरोबर झडपेत येतात. पंपाच्या उत्सर्जनाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. उष्णतेमुळे तेल घट्ट होत जाते व गाभ्याभोवती डांबरासारखा चिकट थर बसतो. पंप गरम असताना झडप फिरते आणि थंड झाल्यावर घट्ट बसते, हे या कारणाचे वैशिष्ट्य आहे.

मैल्याचा शिरकाव. तरंगता गोळा झिजला, अडकला किंवा टाकी वाजवीपेक्षा जास्त भरली तर मैला व फेस मॉइश्चर ट्रॅप ओलांडून झडपेत येतात. साबणयुक्त सांडपाण्याचा फेस गोळ्याला उचलत नाही आणि हवेबरोबर सहज वर जातो. सुकल्यावर हा मैला सिमेंटसारखा कठीण होतो.

गंज. सांडपाण्यातील सल्फेटपासून जिवाणूंच्या क्रियेमुळे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. ओलाव्यासह हा वायू लोखंडावर क्रिया करतो आणि काळा थर तयार होतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेटचे प्रमाण मोठे असते. खाडीकाठच्या वाहिन्यांमध्ये खारे पाणी झिरपत असल्यास ही क्रिया वाढते. बाहेरच्या बाजूने खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा दांडी व हँडलचे सांधे गंजवतात.

न वापरणे. ज्या गाड्या टाकी केवळ मागचे दार उघडून रिकामी करतात, त्यांची झडप महिनोन्‌महिने शोषण स्थितीतच राहते. न हलवलेला गाभा जागीच जाम होतो.

यांत्रिक बिघाड. वाकलेले हँडल, झिजलेली चावी, तुटलेली पिन, झाकणाचे बोल्ट असमान आवळल्यामुळे दाबला गेलेला गाभा, फुगलेले रबरी सील आणि आत शिरलेले प्लास्टिक किंवा चिंधी यांमुळेही झडप फिरत नाही.

हवेच्या यंत्रणेतील बिघाड. हवेवर चालणाऱ्या झडपेत ट्रकच्या हवेच्या टाकीतील अपुरा दाब, पाणी साचलेली नळी, जळालेली सोलेनॉइड कॉइल किंवा तुटलेली वायर ही कारणे आढळतात. अशा वेळी झडप स्वतः निर्दोष असते.

लक्षणे

अडकलेल्या झडपेची लक्षणे इतर बिघाडांसारखीच दिसतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून झडप उघडणे योग्य ठरत नाही.

हँडल जड जाते किंवा मध्येच थांबते.
हँडल फिरते, परंतु पंपाच्या आवाजात आणि गेजवर काहीच फरक पडत नाही.
निर्वात सावकाश वाढतो व नेहमीच्या वाचनापेक्षा खाली थांबतो.
पंप लवकर तापतो, जळक्या तेलाचा वास येतो.
शोषणाच्या वेळी दाबमुक्ती झडपेतून हवा सुटते.
दाब स्थितीत टाकी रिकामी होत नाही.

शेवटून दुसरे लक्षण सर्वांत गंभीर समजले जाते. हँडल शोषणाच्या खुणेवर असताना गाभा दाबाच्या स्थितीत अडकला असेल, तर टाकीत दाब भरत असतो. नळीची झडप उघडताच मैला मॅनहोलच्या काठावर उभ्या असलेल्या कामगारांच्या अंगावर उडतो.

दोषनिदान

पूर्वतयारी

तपासणीपूर्वी वाहन सपाट जागी उभे करून चाकांना अडण लावतात. पी.टी.ओ. सोडवून इंजिन बंद करतात आणि किल्ली काम करणाऱ्या व्यक्तीकडे ठेवतात. टाकीवरील हवा सोडण्याचा कॉक उघडून गेज शून्यावर आल्याची खात्री केली जाते. गेज स्वतः बिघडलेला असू शकतो. म्हणून कॉकमधून हवेचा आवाज थांबल्याशिवाय टाकी दाबमुक्त मानली जात नाही. पंप व झडप थंड होऊ देणे आवश्यक असते.

पहिली पायरी : दोन गेजची तुलना

ज्या वाहनांवर टाकीला आणि पंपाला स्वतंत्र गेज असतात, तेथे नळीची झडप बंद ठेवून पंप मंद गतीने चालवतात आणि दोन्ही वाचने पाहतात. पंपाच्या बाजूला निर्वात जास्त आणि टाकीच्या बाजूला कमी असेल, तर दोहोंच्या मध्ये अडथळा आहे. तो वर चिकटून राहिलेला गोळा, तुंबलेला फिल्टर किंवा चौमार्गी झडपेचे टाकीकडील तोंड यांपैकी एक असतो. दोन्ही वाचने सारखीच कमी असतील, तर गळती किंवा पंपाचा बिघाड संभवतो. दोन्ही वाचने पुरेशी असतील, तर बिघाड सक्शन नळीत आहे. चौमार्गी झडपेला हात लावण्याचे कारण राहत नाही.

दुसरी पायरी : फडक्याची चाचणी

झडपेच्या बाहेरच्या हवेच्या तोंडाजवळ काठीच्या टोकाला बांधलेली फडक्याची पातळ पट्टी धरतात. शोषण स्थितीत पट्टी बाहेर ढकलली जाते आणि दाब स्थितीत आत ओढली जाते. हँडल दोन्ही स्थितींत नेऊनही पट्टी एकाच दिशेने हलत असेल, तर गाभा फिरत नाही. हँडल सहज फिरत असूनही असे घडत असेल, तर चावी किंवा पिन तुटलेली असते. हँडलच फिरत नसेल, तर गाभा जाम झालेला असतो. पट्टी योग्य दिशेने परंतु क्षीण हलत असेल, तर गाभा अर्धवट फिरला आहे किंवा त्याच्या कडांतून गळती होत आहे, असे अनुमान काढतात. ही चाचणी इंजिन मंद गतीवर ठेवून व हात तोंडापासून दूर ठेवून करतात. दाब स्थितीतील भाग काही क्षणांचाच ठेवतात आणि त्या वेळी टाकीवरील हवेचा कॉक उघडा असतो.

तिसरी पायरी : भाग वेगळे करून तपासणी

पंप बंद करून झडप व टाकी यांच्यामधील जोड सोडवतात, झडपेच्या तोंडावर गेज बसवलेली आंधळी प्लेट लावतात आणि शोषण स्थितीत पंप थोडा वेळ चालवतात. आता निर्वात पुरेसा आला, तर बिघाड टाकीच्या बाजूला आहे. मागच्या दाराचे रबर, गोळ्याचे झाकण व जोड तपासावे लागतात. निर्वात आला नाही, तर बिघाड झडपेत किंवा पंपात आहे. मग तीच प्लेट थेट पंपाच्या शोषण तोंडावर लावतात. पंपाचे उत्सर्जन मोकळे ठेवून पंप चालवल्यावर निर्वात आला, तर पंप चांगला आणि झडप सदोष ठरते. न आल्यास पंपाच्या व्हेन, तेलाची पातळी आणि निर्वातमुक्ती झडप यांची तपासणी केली जाते.

चौथी पायरी : हवेवर चालणारी झडप

सिलिंडर असलेल्या झडपेत प्रथम ट्रकच्या हवेच्या टाकीतील दाब पाहतात. त्यानंतर बटण दाबल्यावर सोलेनॉइडचा 'टक' असा आवाज येतो का, हे ऐकतात. आवाज आला नाही तर फ्यूज, वायर व कॉइल तपासतात. आवाज येतो पण सिलिंडर हलत नाही, तेव्हा इंजिन बंद करून व हवा सोडून सिलिंडरची जोडदांडी सोडवली जाते. मग गाभा पान्याने हलका फिरला तर दोष सिलिंडरमध्ये आहे. न फिरल्यास गाभ्यात आहे.

दुरुस्ती

झडप उघडण्यापूर्वी झाकण, कवच आणि दांडीवर एकमेकांशी जुळणाऱ्या खुणा करतात. गाभा पाव फेऱ्याने चुकीचा बसला तर हँडलवरील खुणा आणि प्रत्यक्ष मार्ग यांत विसंगती येते. झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे सैल केले जातात. जाम झालेल्या गाभ्यावर गंज सैल करणारे तेल सोडून काही तास थांबतात. त्यानंतर त्याला दोन्ही दिशांना थोडे थोडे हलवत बाहेर काढतात.

तेलाचा थर डिझेल किंवा रॉकेलने आणि पितळी ब्रशने काढला जातो. सुकलेला मैला आधी पाण्यात भिजवतात. गाभ्याच्या व कवचाच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर छिन्नी किंवा खरखरीत पॉलिश कागद वापरत नाहीत, कारण तेथील बारीक ओरखड्यांतूनही हवा गळते. खोल खड्डे पडलेला गाभा बदलणे श्रेयस्कर असते. सील, गास्केट आणि पिन प्रत्येक वेळी नवीन घालतात. पुन्हा जोडताना उत्पादकाने सुचवलेले उष्णतारोधक ग्रीस पातळ लावतात. जाड थर लावल्यास तो उष्णतेने पुन्हा घट्ट होतो.

जोडणीनंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने सहज फिरले पाहिजे. मग फडक्याची चाचणी पुन्हा केली जाते. नळीची झडप बंद ठेवून गेजवरील कमाल निर्वात व तो गाठण्यास लागलेला वेळ नोंदवून ठेवतात. वाहन कामावर पाठवण्याचा निर्णय या नोंदीवर घेतला जातो.

झडप अडकण्याचे मूळ कारण दूर न केल्यास बिघाड पुन्हा उद्भवतो. आत मैला आढळला तर गोळा व मॉइश्चर ट्रॅप दुरुस्त करणे, तेलाचा थर आढळला तर वंगणाचे प्रमाण व तेलाचा प्रकार तपासणे आवश्यक असते.

टाळावयाच्या गोष्टी

हँडलला लांब पाइप लावून जोर देणे. त्यामुळे पिन किंवा दांडी तुटते आणि झडप अज्ञात स्थितीत राहते.
गॅसच्या ज्योतीने झडप तापवणे. मैल्यातून निघणारा मिथेन हवेत सुमारे ५ टक्के असला तरी पेट घेऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइडही ज्वलनशील आहे.
पंप चालू असताना गाभ्यावर हातोडी मारणे.
टाकीत दाब असताना मागच्या दाराची पकड सोडणे. १.२ मीटर व्यासाच्या दारावर अर्धा बार दाब असला तरी एकूण बल सुमारे पावणेसहा टन वजनाएवढे होते.
टाकीत शिरून गोळा तपासणे. टाकी हीदेखील बंदिस्त जागा असून तिच्यात मॅनहोलइतकेच विषारी वायू असतात.

झडप शोषण स्थितीत अडकली आणि टाकी भरलेली असेल, तर पंप बंद करून हवेचा कॉक उघडतात. टाकी वातावरणीय दाबावर आल्यावर वाहन मलप्रक्रिया केंद्रात नेऊन ती केवळ उताराने रिकामी केली जाते. झडप दाब स्थितीत अडकली असेल तर पंप पुन्हा सुरू केला जात नाही.

प्रतिबंधक देखभाल

दररोज काम सुरू करण्यापूर्वी झडप दोन्ही टोकांपर्यंत दोन-तीन वेळा फिरवणे, मॉइश्चर ट्रॅपमधील पाणी काढणे आणि पंपातील तेलाची पातळी पाहणे ही किमान देखभाल मानली जाते. टाकी रिकामी झाल्यावर गोळा व त्याची जाळी पाण्याने धुतली जाते. आठवड्यातून एकदा नळी बंद ठेवून कमाल निर्वाताची नोंद घेतल्यास हळूहळू होणारी घसरण वेळीच कळते. पावसाळ्यापूर्वी झडप उघडून साफ करणे उपयुक्त ठरते, कारण पावसाळ्यात वाहिन्या तुंबण्याच्या तक्रारी वाढतात आणि वाहन दुरुस्तीसाठी उभे ठेवणे कठीण होते. सीलचा एक संच व पिन वाहनावरच ठेवल्यास लहान बिघाडासाठी काम थांबत नाही.

सुरक्षितता व कायदा

यंत्र बंद पडल्यावर मॅनहोलमध्ये माणूस उतरवणे जीवघेणे ठरू शकते. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो. सुमारे १०० पीपीएम प्रमाणात वास ओळखण्याची क्षमताच बधिर होते आणि वायू नाहीसा झाल्याचा भास होतो. ५०० पीपीएमच्या वर काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. त्यामुळे उतरण्यापूर्वी सुरक्षित वाटलेला मॅनहोल काम सुरू होताच घातक बनतो. बेशुद्ध झालेल्यास वाचवण्यासाठी उतरलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या व्यक्तीचाही मृत्यू झाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत.

'हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३' हा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. त्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था कोणालाही वाहिनी अथवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामावर लावू शकत नाही. कलम ९ नुसार पहिल्या उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या उल्लंघनास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. यंत्र नादुरुस्त होते, या कारणाने या मनाईतून सूट मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना वाहिन्यांतील मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ती ३० लाख रुपये करण्यात आली. कायमस्वरूपी अपंगत्व आल्यास किमान २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख रुपये देण्याचा आदेशही त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गोवंडी येथे सेप्टिक टाकी साफ करताना मरण पावलेल्या कामगारांच्या पत्नींना भरपाई देण्याचा आदेश दिला होता. ते काम खासगी गृहनिर्माण संस्थेतील होते. त्यामुळे खासगी ठिकाणच्या कामालाही हे संरक्षण लागू असल्याचे स्पष्ट झाले.

सोसायटी किंवा दुकानदार सेप्टिक टाकीची सफाई खासगी कंत्राटदाराकडून करून घेतात, तेव्हा वाहनाची स्थिती तपासण्याची पद्धत क्वचितच असते. नळी बंद ठेवून गेजवरील निर्वात पाहणे ही एका मिनिटाची चाचणी आहे. वाचन टाकीच्या खोलीला पुरेसे नसेल तर दुसरे वाहन मागवणे हा उपाय उरतो. सफाईविषयक तक्रारी व मागणीसाठी केंद्र शासनाने १४४२० हा मदत क्रमांक ठरवला आहे.

हे सुद्धा पहा

नवी मुंबई महानगरपालिका
सिडको
मलनिस्सारण
मॅनहोल
निर्वात पंप
हायड्रोजन सल्फाइड
सफाई कर्मचारी आंदोलन
स्वच्छ सर्वेक्षण